एकोणिसावी सूचना

घरी सिनेमा बघताना खोलीभर आवाज फिरवणारे प्रोसेसर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती आठ वर्षं इंजिनिअर होती. टीव्ही, प्लेअर, सगळ्यांच्या वायरी या डब्यात येतात, आणि पावलांचा आवाज मागच्या स्पीकरमधून द्यायचा की पुढच्या, हे तो डबा ठरवतो; चित्रही त्याच्यातूनच पडद्याकडे जातं. नवं मॉडेल काढायचं म्हणून कंपनीने जुन्या ग्राहकांना विचारलं होतं, तुम्हाला त्यात काय काय हवंय? दोनशे बारा उत्तरं आली. बहुतेकांना आणखी स्पीकर हवे होते. एकाला तर सोळा, आणि त्यातले सहा छताला.

एक उत्तर मात्र पोस्टाने आलं. शिंप्याच्या मापाच्या वहीतली सात पानं होती. छाती, कंबर, बाही असे छापील रकाने, आणि त्यांच्यावरून निळ्या शाईत सरळ लिहीत नेलेल्या तेवीस सूचना. पहिली अशी की समोरचा निळा दिवा विझवता यावा, सध्या त्यावर अस्तराचा तुकडा चिकटवला आहे. सातवी अशी, ‘स्पीकर किती लांब आहे ते तुमचं यंत्र फुटांत विचारतं. फूट हे काय माप झालं? पाव इंचापर्यंत लिहिता आलं पाहिजे.’ बारावी रिमोटबद्दल होती. ‘सत्तेचाळीस बटणं आहेत, मी सहा वापरतो. उरलेली काढा, नाहीतर ती कशाला आहेत ते कळवा.’

ऑफिसात कोणीतरी ती पानं मोठ्याने वाचून दाखवली आणि सगळे हसले. तीही हसली. पण एकोणिसाव्या सूचनेपाशी ती थांबली.

‘खोलीतल्या स्पीकरांचा आवाज आणि पडद्यावरचं चित्र, दोन्ही मला हवं तितकं मागे रेटता यावं. कारण विचारू नये.’

सगळं जग आवाज आणि चित्र लवकर पोचावं म्हणून जिवाचं रान करतंय, आणि या माणसाला उशीर हवाय. तिला राहवेना. तिने पत्राखालच्या नंबरवर फोन लावला.

“फोनवर नाही सांगता येणार,” पलीकडचा आवाज म्हणाला. “रविवारी ये. सकाळी ये, दुपारी मी झोपतो.”

खाली दुकान आणि स्वयंपाकघर, वर राहायची जागा. शिंपीकाका सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, सुट्टीच्या दिवशीही गळ्यात टेप. त्यांनी जन्मभर सिनेमागृहांचे पडदे आणि खुर्च्यांचे अभ्रे शिवले होते. त्यातलं एक बंद पडलं तेव्हा तिथल्या दोन खुर्च्या आणि मखमली पडदे ते घेऊन आले. खुर्च्या वरच्या खोलीत जमिनीला बोल्टने ठोकल्या आणि मखमल तीन भिंतींना लावली. तिने आत पाऊल टाकताच, खोली किती घुमते ते बघायला, सवयीने टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विरून गेली. इतकी गप्प खोली तिने कंपनीच्या प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती.

“कोणी सांगितलं हे तुम्हाला, काका?”

“कोणी कशाला सांगायला हवं? कापड आवाज खातं.”

काकू दारात उभ्या होत्या, गोल चेहऱ्याच्या, कानामागे श्रवणयंत्र. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. “जगाचं बोलणं ऐकून ऐकून कान झिजले माझे,” त्या म्हणाल्या, आणि काकांनी खुणावलं तशा चहा ठेवायला खाली गेल्या.

काका खुर्चीत बसले. काकूंना खालून काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

“सिनेमा बघताना ती ते बिनवायरचे हेडफोन लावते. त्याशिवाय तिला काही कळत नाही. त्यांच्यात आवाज उशिरा पोचतो, बरोबर?”

“हो. थोडा.”

“मी हसतो, आणि ती मागून हसते. फार नाही, एक टाका मागे. पण मला ते टोचतं. असं वाटतं की तिला काही कळत नाही, माझ्याकडे बघून माझं मन राखायला हसते बिचारी. अख्ख्या थिएटरात आम्ही एकदम हसायचो गं.” त्यांनी टेप बोटाला गुंडाळली. “तिचा आवाज लवकर आणता येत नसेल तर माझा उशिरा आण. मी थांबतो की.”

तिने मायक्रोफोन लावून मोजलं. फरक पाव सेकंदाहून जरा जास्त निघाला.

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, “दोनशे बारापैकी किती जणांनी मागितलंय हे?”

“एकाने.”

“मग?”

“बाकीच्यांच्या घरीही कोणी ना कोणी म्हातारं होणारच आहे, सर.”

साहेबांचे वडील गेल्या वर्षापासून त्यांच्याकडे राहायला आले होते, हे तिला माहीत नव्हतं. साहेब कागद चाळत राहिले आणि मग म्हणाले, “तीन आठवडे देतो.”

आवाज अडवून ठेवणं सोपं होतं. चित्राने मात्र तिचा घाम काढला. पाव सेकंदाचं चित्र साठवायचं म्हणजे यंत्राच्या मेमरीला घास मोठा होतो. दोनदा तिने हात टेकले. तिसऱ्या आठवड्यात जमलं, आणि चाचणीचं यंत्र काखेत मारून ती पुन्हा मखमलीच्या खोलीत हजर झाली.

काकूंना काही सांगायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. “नुसतं नवीन मशीन आलंय म्हण.” त्यांनी एक विनोदी सिनेमा लावला. एक जाडजूड माणूस सूटकेससकट हॉटेलच्या फिरत्या दारात अडकतो. काका खदखदून हसले.

क्षणभर गेला आणि मग काकू हसल्या.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, तिने लॅपटॉपकडे. पुन्हा मोजलं तर फरक शून्य. तो माणूस आता दारातून सुटून कारंज्यात बसला होता. काका हसले, आणि काकू मागून. ती काकांच्या कानाशी वाकून कुजबुजायला लागली, तसे काकूंनी हेडफोन काढले.

“काय चाललंय तुमचं दोघांचं?”

काका आधी नाही नाही म्हणाले, मग सगळं ओकले. एकोणिसावी सूचना, तीन आठवडे, पाव सेकंद. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अहो, मी आधी तुमच्याकडे बघते.”

“म्हणजे?”

“हसण्यासारखं काही आलं की मी आधी तुमच्याकडे बघते. मग हसते.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून. तुमचे आधी खांदे वर जातात, मग डोळे गच्च मिटतात, आवाज सगळ्यात शेवटी येतो. बघण्यासारखं असतं ते. तुमचे डोळे मिटलेले, तुम्हाला कसं कळणार मी काय करते ते? आणि थिएटरात चारशे माणसं हसायची, त्यात माझं एकटीचं उशिरा आलेलं कोणाला ऐकू येणार होतं?”

पडद्यावर कारंजं उडत राहिलं.

“म्हणजे सिनेमा बघतच नाहीस तू?”

“निम्मा बघते. उरलेला तुम्ही जेवताना सांगताच की.”

ती मान खाली घालून वायरी काढायला लागली. तीन आठवडे पाण्यात गेले, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं, कारण काकूंनी तिचा हात धरला.

“हे काढू नकोस, पोरी. इतकी वर्षं ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. सवय झाली होती, म्हणून कोणाला बोलले नाही. आज दोन्ही एकत्र आलं. मला वाटलं डोळेच सुधारले.” मग त्या जरा पुढे सरकल्या. “माझी पण एक सूचना लिहून घेशील? माझ्या कानातला आवाज वेगळा ठेव. हे रिमोटने वाढवतात आणि माझंही डोकं उठतं.”

“मी कशाला वाढवीन?” काका म्हणाले.

“कारण तुम्हाला कमी ऐकू यायला लागलंय.”

“मला नीट ऐकू येतं.”

“मघाशी खालून दोनदा हाक मारली. दूध उतू जाऊन शेगडी विझली तेव्हा वर आले मी.”

काकांनी तिच्याकडे मदतीच्या आशेने पाहिलं. ती लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून ‘चोवीस’ असा आकडा टाइप करत होती.

नवं मॉडेल वर्षाअखेर बाजारात आलं. सोळा स्पीकरांचं वेड पुढच्या वर्षावर ढकललं गेलं होतं. चित्र आणि आवाज थांबवून ठेवण्याची सोय होती, हेडफोनचा आवाज वेगळा होता, दिवा विझत होता आणि अंतर पाव इंचापर्यंत लिहिता येत होतं. रिमोटवर अजूनही एकोणतीस बटणं उरली, त्यावर काकांनी रीतसर नापसंती कळवली. साहेबांनी पहिल्या खेपेतलं एक यंत्र स्वतःच्या घरी नेलं आणि त्याबद्दल कोणाशीही अवाक्षर काढलं नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा मापाच्या वहीतलं एक पान आलं. ‘खुर्च्यांचे बोल्ट काढून दोन्ही खुर्च्या थोड्या आत वळवल्या आहेत,’ काकांनी लिहिलं होतं. ‘पडदा दिसतो आणि शेजारचंही दिसतं. हसायच्या आधी हिच्या नाकपुड्या फुगतात, हे मला सत्तेचाळीस वर्षांनी कळलं. मात्र खुर्च्या हलल्यामुळे स्पीकरांची सगळी मापं बिघडली आहेत. रविवारी येऊन नवीन मापं घ्यावीत. जेवायलाच ये.’

ती मायक्रोफोन घेऊन गेली. एरवी अर्ध्या तासाचं काम, पण त्या दिवशी दुपार झाली. खुर्च्यांत माणसं बसलेली असतानाच माप घ्यायचं, असा काकांचा हट्ट होता, आणि माप चालू असताना दोन मिनिटं गप्प बसणं काही त्या दोघांना जमत नव्हतं.