चार वाजताचा आकडा

ओट्यावरून झाकणी घरंगळली आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिली. दुपारभर साचलेली शांतता पार मोडली. मधुरानं ती पायानंच दाबून गप्प केली आणि आतल्या खोलीकडे कान दिला. वडील जागे झाले असतील म्हणून ती अनवाणीच दारापर्यंत गेली. मागोमाग गौरी, हातात वही-पेन्सिल घेऊन. चारचा आकडा लिहिण्याचं काम तिचं होतं. पहिलीत गेल्यापासून तिला आकडे लिहायला फार आवडत.

तात्या गाढ झोपले होते. छातीवरच्या तीन चकत्यांमधून निघालेल्या वायरी उशाशी ठेवलेल्या मॉनिटरला जोडलेल्या. सगळ्यात खालची पिवळी रेघ श्वासांची. ती आज दाटीवाटीनं पळत होती.

"आई, बत्तीस," गौरी कुजबुजली.

मधुरा चकत्या बघायला वाकली. तिन्ही नीट चिकटलेल्या होत्या. मग तिनं तात्यांच्या पोटाकडे बघत घड्याळ लावून मिनिटभर स्वतःच मोजलं. बत्तीसच.

वहीत मात्र गेले नऊ दिवस वीस, एकोणीस, एकवीस, असंच होतं. मीना सिस्टर सकाळी ते वाचून खूश व्हायची. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "दीदी, साँस तीस के ऊपर जाए तो रुकना मत. सीधे भर्ती."

ते तात्यांनीही ऐकलं होतं. सिस्टर गेल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "तुझी आई त्या दवाखान्यात गेली, ती घरी आली का? मी इथेच बरा."

गौरीच्या हातातून पेन्सिल पडली. तात्यांनी डोळे उघडले, वही बघितली.

"चार वाजले वाटतं. या, या. तू आणि ही तुझी मशीन, दोघी हात धुऊन मागे लागल्या आहात माझ्या."

"पडून राहा, तात्या. बोलू नका."

"नाही बोलत, बेटा. लिहा तुम्ही आरामात."

त्यांनी ओठ मिटले, नजर छताला लावली. पिवळी रेघ हळूहळू सैल होत गेली. अठ्ठावीस. चोवीस. वीस. चादरीवर त्यांच्या हाताची बोटं एकेक करून मिटत होती.

मधुरा ती बोटं ओळखत होती.

शाळेत पी.टी. शिकवणारे तात्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मोहल्ल्यातल्या पोरांना क्षिप्रेत पोहायला शिकवत. शेवटी स्वतः बुडी मारत, एक हात पाण्याबाहेर ठेवून. मनात दहा झाले की एक बोट मिटायचं. रामघाटाच्या ओल्या पायरीवर परकराचा ओचा धरून ती मोठ्यांदा मोजायची. मूठ पूर्ण मिटली की तिचा जीव टांगणीला लागायचा. मग फस्सकन् पाणी उडवत ते वर येत.

"किती ग?"

ती दहा जास्तीचे सांगायची. ते स्वतःच्या मुठीकडे बघत आणि म्हणत, "वा बेटा, आज तर कमाल झाली." एकदाही त्यांनी तिला खोटं पाडलं नाही.

आता त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. गळ्याची शीर ताठ झाली होती. आकडा एकोणीसवर आला, तसे त्यांनी मान न वळवता फक्त डोळे तिच्याकडे वळवले.

"किती ग?"

मधुरानं पदरानं त्यांचं कपाळ टिपलं. दुसऱ्या हातात फोन होता, त्यावर सिस्टरचा नंबर काढलेला. बोट वरच राहिलं.

"सोडा, तात्या," ती हळूच म्हणाली. "श्वास घ्या."

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग छाती एकदम वर आली, पुन्हा आली, आणि पिवळी रेघ पळत सुटली. चादरीवर त्यांचा हात तिचा हात शोधत होता. तिनं तो धरला.

गौरी पलंगाच्या कडेला वही टेकवून उभी होती. पेन्सिल तिनं उचलून घेतली होती. ती एकदा आजोबांकडे, एकदा मशीनकडे बघत राहिली.

"आई, झोपलेल्या आजोबांचा लिहू, की जागे असलेल्यांचा?"