धुकेगडाचं दार

"गडाच्या दारात वाघ बसायचा," सपना म्हणाली आणि आईच्या ओठांकडे बघत राहिली.

जीप वळणावर कलली. मागच्या लांब बाकावर फागी आडवी होती. डोकं लेकीच्या मांडीवर, पायाला फळी बांधलेली.

"वाघ नाय," ती पुटपुटली. "अस्वल."

सपनाने रोखलेला श्वास सोडला.

सकाळी वांगणीच्या खाचरात भात कापताना फागीच्या घोट्याला नाग चावला. नवरा वसईला बांधकामावर. गावात औषधं देणाऱ्या आशाताईंनी फोनवर सांगितलं, पाय हलवू देऊ नको, थेट जव्हारचा दवाखाना गाठा, आणि आईला बोलती ठेव. बोलायची थांबली तर... पुढचं रेंजबरोबर तुटलं. शेजारचा गोकुळ स्वतःची जीप घेऊन धावला.

सपनाने आधी विचारून पाहिलं, दुखतंय का, पाणी हवं का. फागी नुसती मान हलवायची. मग सपनाला गड सुचला.

धुकेगड फागीने वीटभट्टीवर बांधला होता. दिवसभर विटा थापून झाल्या की झोपडीत लेकीला थोपटत ती त्याच्या एकेका पिढीची गोष्ट सांगायची. पहिल्या राणीने धुकं कातलं, त्या सुताचा तट विणला. तिच्या लेकीने तटावर काजवे पेरले. नातीने पावसाला चाकरीला ठेवलं. या घराण्यातलं काहीही इकडचं तिकडे झालेलं फागीला खपत नसे. पेंगता पेंगता सपना चुकली, तरी थोपटणारा हात थांबायचा आणि चूक दुरुस्त व्हायची.

म्हणून सपना आज चुकत होती.

"पहिल्या राणीने दगडाचा तट रचला."

"धुक्याचा गं."

"मग तिच्या लेकीने तटावर नाचणी पेरली."

"नाचणी कशाला? काजवे."

पुढून गोकुळ हसला. "काय वयनी, राणीच्या घरी पण नाचणीच का?"

फागीच्या ओठाचा कोपरा हलला. "राणी हाय म्हणून... पोट नाय का तिला?"

वावर गाव मागे पडलं. फागीच्या पापण्या दवाने वाकलेल्या गवतासारख्या खाली येऊ लागल्या. जीभ जड झाली. 'काजवे'मधलं नुसतं 'का' उरलं. सपना चुका मोठ्या करत गेली. राणीच्या मोराचा कावळा केला. पाऊस चाकरी सोडून मुंबईला पळाला म्हणाली. दर चुकीनंतर ती इंजिनाच्या घरघरीत कान लावून बसे, आणि दर वेळी जास्तच बसावं लागे. गोकुळ आता हसत नव्हता.

"तो बघ टॉवर. आलंच जव्हार," तो म्हणाला.

चुकायला आता एकच गोष्ट उरली होती. धुकेगडाचं दार कधीच लागत नसे. घराण्यातली एक लेक कामाला डोंगराखाली गेली होती, ती अजून यायची होती. माणूस बाहेर असताना दार लावायचं नसतं, फागी सांगायची. ही चूक सपनाने कधी केली नव्हती. तोंडातून निघालं आणि खरंच झालं तर?

"आये, शेवटच्या राणीने," ती आईच्या कानाशी वाकली, "गडाचं दार लावून घेतलं. आतून कडी घातली."

सपनाने आईच्या ओठांकडे पाहिलं.

"आये. दार लावलं."

गोकुळने आरशात पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग तोच म्हणाला, "दार लागत नाय ना गडाचं, सपना?"

सपनाच्या मुठी आवळलेल्या होत्या. एक मूठ आईच्या हाताखाली होती.

त्या मुठीवर काहीतरी चाचपडलं. घट्टे पडलेला, गार अंगठा तिच्या बोटांच्या फटीत शिरला. अडला. पुन्हा शिरला. कडी निघावी तशी करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट.

जीप दवाखान्याच्या आवारात थांबली. गोकुळ उडी मारून स्ट्रेचरसाठी ओरडत पळाला. सपना हलली नाही. अजून दोन बोटं मिटलेली होती.