माझ्या डोळ्यावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना गळतीशोधक आहे. माझी काच तडकली आहे आणि एक बाजू जळून काळी पडली आहे. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी राबलो, तिथे लोखंड भट्टीत लालबुंद करून घणाखाली बडवतात. त्या भट्टीच्या गॅसनळ्यांवर पहारा करणं हे माझं काम.

मी माझ्या काचेच्या डोळ्यातून नळीवर लेसरचा झोत मारतो. तिथे गॅस असेल तर तो झोत गिळून तापतो आणि बारीक आवाज करतो. तुम्हाला तो ऐकू येत नाही, मला येतो. मग मी असा किंचाळतो की बहिऱ्यानेही कान झाकावेत.

भट्टीवरचा कामगार झुंबर मला खांद्याला अडकवून, भट्टी पेटवण्याआधी फेरी मारायचा. एकदा मी केसाएवढी फट पकडली, तेव्हा सुपरवायझर दिनेशसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी फुगून गेलो, खोटं कशाला बोलू? झुंबरची आई फुलाबाई तिथेच झाडलोट करायची. तिने माझ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "माझ्या लेकाला राखलंस रं बाबा!"

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. फुलाबाईने मला मोठ्या मानाने पाटावर बसवलं. माझं कपाळ कुठलं नि डोळा कुठला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने कुंकवाचं ओलं बोट नेमकं माझ्या डोळ्यावर टेकवलं आणि वर झेंडूची माळ घातली. मी आंधळा झालो. बिघाडाचा लाल दिवा लागला, पण तो माळेखाली झाकला गेला.

दसरा उलटला, कारखाना उघडला. सुट्टीत एका नळीतून गॅस झिरपत राहिला होता, पण आत धुपाचा वास इतका कोंडला होता की गॅसचा वास कुणाला आलाच नाही.

"झुंबर, माळ काढ की आता," दिनेशसाहेब म्हणाले.

"राहू द्या साहेब, पूजेची हे. सुकली की काढू."

साहेब हसले आणि पुढे गेले. झुंबरने मला नळीपुढे धरलं. मी गप्प. माझ्या गप्प राहण्यावर त्याचा भारी विश्वास. त्याने भट्टी पेटवली.

कानठळ्या बसवणारा स्फोट झाला. भट्टीचं दार उखडून पलीकडच्या भिंतीत घुसलं. छपराचे पत्रे फाटले. झुंबर खांबावर आदळला, हात कोपरापर्यंत सोलले गेले, दोन्ही कानांतून रक्ताची धार लागली. मी कोपऱ्यात जळत पडलो होतो आणि धुरातून फुलाबाईचा हंबरडा ऐकू येत होता, "झुंबऱ्या, बोल रं!"

झुंबर वाचला, पण त्याचे कान कायमचे गेले.

दवाखान्यातून ती थेट माझ्याकडे आली. हातात घण होता. "मुडद्या, का नाय वरडला तू?" पहिला घाव बसला, काच तडकली, काजळी झडली. दुसऱ्यासाठी तिने घण उचलला आणि थबकली. काचेवर लाल ठसा होता. तिने त्यावर आपलं बोट ठेवून पाहिलं. घण हातातून सुटला.

"म्याच गं बया," एवढंच ती म्हणाली.

मला तिचा राग नाही. माझा डोळा कुठे आहे हे ठाऊक असूनही हसून पुढे गेलेल्यांचा आहे. मित्रांनो, आम्हाला पुजा, पण आमचे डोळे मोकळे ठेवा.

आता फुलाबाई रोज सकाळी नव्या यंत्राची काच पदराने पुसते आणि मगच भट्टी पेटवू देते. ते किंचाळलं की सगळे दचकून पळतात. झुंबरला मात्र तीच हाताला धरून बाहेर नेते.