दौंडहून सूरला गेलेला टेप

मी बोलतोय खरा, पण स्वतःचं बोलायची मला सवय नाही. जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोलत आलो. मी एक टेपरेकॉर्डर, एका कॅसेटचा आणि एका भोंग्याचा. दौंडच्या बाजारपेठेत दुकानाच्या काचेआड बसून मी स्वतःला फार मोठा समजायचो.

मला घेतलं नागसेननं. तो रांजणगावला वेल्डर होता. सत्त्याण्णव साली त्याला ओमानमधल्या सूर या समुद्रकाठच्या गावी पाइपलाइनवर दोन वर्षांचं काम मिळालं, आणि गड्यानं मला बॅगेत घातलं. लोक आखातातून टेप आणतात, आमच्या नागसेननं दौंडचा टेप आखातात नेला. खोलीवर मोईदू नावाचा केरळी सोबती होता. मला पाहून त्यानं आपला दोन कॅसेटींचा, रंगीत दिव्यांचा टेप हळूच टॉवेलखाली झाकला. माझा माज उतरायला तेवढी दया पुरे होती.

सहा दिवस साइट, शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी कपडे धुवायचे, मोईदूच्या हातचा मासळी-भात खायचा आणि संध्याकाळी समुद्राकाठी एक फेरी मारायची, की आठवडा संपला. खाऱ्या हवेनं माझे स्क्रू गंजले. नागसेनचा चेहराही उन्हानं रापला, पण तो घरी यातलं काही कळवायचा नाही. कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती कॅसेट द्यायची आणि तीत म्हणायचं, "मी मजेत हाय." तापानं फणफणलेला असला तरी मजेत. मीही ते इमानदारीनं टिपून घ्यायचो. एकदा घरच्यांना लाटा ऐकवायच्या म्हणून त्यानं मला किनाऱ्यावर नेलं. उत्तरात वडिलांनी विचारलं, खोलीशेजारी पिठाची गिरणी आहे काय. माझी कुवत तेवढीच.

घरून येणाऱ्या कॅसेटी शेजाऱ्यांच्या टेपवर भरलेल्या असायच्या. वडील, बन्सीआप्पा, यांचं आयुष्य सभा ऐकण्यात गेलेलं. बटण दाबलं की ते घसा साफ करून सुरू व्हायचे, "जय भीम. उपस्थित बंधू आणि भगिनींनो." ऐकणारा एकटा मुलगा! मग ज्वारी, म्हैस, धाकट्या बहिणीचा, दीक्षाचा निकाल, सगळं ठराव मांडल्यासारखं. अखेरीस म्हणायचे, "तुझी आई हितंच बसलीय. बोल म्हणलं तर मान हलवतीय."

ही आई, जाईबाई, टेपपुढं बोलायचीच नाही. यंत्रात गेलेला शब्द माघारी घेता येत नाही, असं तिचं म्हणणं. पावणेदोन वर्षांत तिच्या फक्त बांगड्या ऐकू आल्या. नागसेन तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा मागं नेऊन ऐकायचा, आणि मला, ज्याला काळीज म्हणून चार बॅटऱ्या, मलासुद्धा भरून यायचं.

मुदत संपत आली तेव्हा कंपनीनं आणखी दोन वर्षांचा कागद पुढं केला. शनिवारी सही द्यायची होती. आप्पांचा आग्रह होता की राहावं. नागसेननं आईला कॅसेट धाडली होती, तू सांगशील तसं करीन. आदल्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, सुट्टीवरून परतलेल्या एकानं उत्तर आणलं. नागसेननं दार लोटून घेतलं आणि मला मांडीवर ठेवलं.

"नागसेन, मी बोलतीय. घरात कुनी न्हाई म्हणून बोलतीय. तुझा बा म्हणतो ऱ्हाऊ दे पोराला. आता माझं म्हणशील तर..."

आणि इथंच मी पट्टी खाल्ली.

ही खोड मला पहिल्यापासूनची. पण खायला हाच घास मिळावा! नागसेननं माझ्या पोटातून ती चुरगळलेली पट्टी बोटानं सोडवली, नखानं सपाट केली, मोईदूनं पेन्सिलीनं गुंडाळली. आईच्या जागी नुसती खरखर आली. त्यानं मला आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. कॅसेट डबीत घालून तो मोईदूला म्हणाला, "पुढचं तिच्याच तोंडून ऐकतो." शनिवारी त्यानं सही केली नाही.

तो परतला तेव्हा गावात लोक आखातातला रंगीत दिव्यांचा टेप बघायला जमले होते, आणि बॅगेतून निघालो मी, गंजलेला. त्यांची निराशा मी समजू शकतो. नागसेननं आईला विचारलं, कॅसेटीत पुढं काय म्हणाली होतीस. जाईबाईनं पिठाची परात काढली. मग म्हणाली, "आता आलास न्हवं? ऱ्हाऊ दे ते." आणि भाकरी थापायला बसली.

तो पुन्हा रांजणगावला जातो. संध्याकाळी आला की ती त्याच्याशी अखंड बोलते. माझी मोटर जळालीय, फळीवर पडून असतो. उद्या भंगारात गेलो तरी तक्रार नाही. पण जाण्यापूर्वी कबुली देतो. ते शब्द माझ्याच पोटात आहेत. ती म्हणाली होती, "माझी काळजी करू नगंस. तू ऱ्हा तिकडंच, मी हाय बरी."

तिचा आवाज मी ऐकलाय. ती अजिबात बरी नव्हती. तुम्ही भली माणसं आहात, एवढं त्याला सांगू नका.