डाव्या कानातली बाई

घड्याळ काढून काकूनं ते स्टुडिओच्या दाराबाहेरच्या वाटीत टाकलं, सळसळणारी ओढणी खुंटीला लावली आणि अनवाणी पायांनी आत जाऊन माइकसमोर उभी राहिली. माइक चुगलखोर असतो. घड्याळाची टिकटिक, कापडाची कुरकुर, रिकाम्या पोटाची गुरगुर, सगळं बाहेर सांगतो. हेडफोन तिनं नेहमीसारखा तिरपा घातला. डाव्या कानात मूळ सिनेमा, उजवा कान मोकळा, स्वतःचा आवाज ऐकायला.

"काकू, पाठ दिसली की बोलायचं," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "तोंड दिसलं की गप्प."

"सासरी हेच शिकवलं होतं मला."

दिग्दर्शक हसला. त्याच्या शेजारचा ध्वनिमुद्रक सहसा हसत नसे, तोही हसला.

परीकथांची टर उडवणाऱ्या कार्टून सिनेमांच्या मालिकेचा हा चौथा भाग. पहिल्या भागापासून त्यातल्या चेटकिणीचा आपल्या भाषेतला आवाज काकूचा. ही चेटकीण अशी, की तिचा एक मंत्र धड लागत नाही. राजपुत्राला देखणा करायला गेली, त्याचं साळिंदर झालं. राजकन्येला झोपेतून उठवायला गेली, अख्खा राजवाडा घोरायला लागला. पोरं तिच्यावर जीव टाकत. पोस्टरवर मात्र साळिंदराला आवाज देणारा नट, कारण तो नट. त्यानं यायचं, कॉफी थंड आहे म्हणून तोंड वाकडं करायचं, जीभ अडखळेल तिथं वाक्यच बदलून घ्यायचं आणि मुलाखतीत सांगायचं की या भूमिकेनं मला खूप दिलं. दिलंच होतं, ते बँकेत होतं. काकूचं नाव शेवटी यायचं, लोक उठून पोरांच्या टोप्या शोधत असायचे तेव्हा. तरी ती दर वेळी ते बघायला थांबायची. धाकटी बहीण कंटाळून दाराशी उभी असायची आणि म्हणायची, "आलं का नाव? चल आता, चेटकीण."

या भागात चेटकीण मुकी होती. मंत्र उलटतो, तिचाच आवाज उडून एका बरणीत जाऊन बसतो, बरणी चोरीला जाते आणि सगळे तिच्यामागे धावतात. अख्खा सिनेमा ही बाई हातवारे करते, डोळे फिरवते, श्वास टाकते. बोलत नाही. कंपनीनं कळवलं होतं, काकूंना बोलवायची गरज नाही, श्वासाला भाषांतर लागत नाही. बहिणीनं ते ऐकून शिवणयंत्र थांबवलं होतं. "मग या वेळी आवंढे गिळायला जा," म्हणाली होती, पण रात्री काकूच्या आवडीचं काहीतरी तिनं गुपचूप करून वाढलं.

दिग्दर्शक भांडला म्हणून काकू आज इथं होती. त्यानं सिनेमा पुन्हापुन्हा पाहून चेटकिणीची पाठ जिथं जिथं दिसते तिथं वाक्यं लिहिली होती. तोंड दिसत नसेल तिथं काहीही घुसडता येतं, या धंद्यातली ही जुनी युक्ती. चेटकीण मनातल्या मनात बोलते म्हणायचं. कंपनीनं मान्य केलं, पण एका अटीवर. शेवटी बरणी उघडते तिथल्या वाक्यावर सगळं थेटर हसलं पाहिजे. तेच जाहिरातीत जाणार. ते जमलं तर बाकीची वाक्यं राहतील, काकूचं नाव राहील, पुढच्या भागाला काकू राहील. नाहीतर मुकी ती मुकीच, आणि पुढच्या वेळी तिला वाचा फुटेल ती कुठल्यातरी नटीच्या तोंडानं.

"एक सांग," काकू माइकमध्ये म्हणाली. "हिला मुकी का केली?"

"म्हणजे?"

"हशे सगळे हिच्या तोंडाचे आणि हिचंच तोंड बांधायचं. हा शहाणपणा कुणाला सुचला?"

"नवीन काहीतरी करायचं असेल हो त्यांना. चला, पेटाऱ्याचा प्रसंग."

चेटकीण पेटाऱ्यात वाकली. पाठ आपल्याकडे. काकूनं वाक्य टाकलं, "बरणी सोडून सगळं सापडतंय, नवऱ्याचं डोकंसुद्धा," आणि ध्वनिमुद्रक पुन्हा हसला. पण काकू हसली नाही. डाव्या कानात काहीतरी गेलं होतं. एक श्वास. अर्ध्यावर थांबलेला, उरलेला नाकानं आत ओढलेला, आणि शेवटी ओठ सुटल्याचा बारीकसा आवाज.

"थांब. परत लाव."

"छान झालं की, काकू."

"माझं सोड. तिचा श्वास लाव. हा मी घेतलाय आधी."

मूळ सिनेमात चेटकिणीला आवाज देणाऱ्या त्या परक्या भाषेतल्या बाईला काकूनं कधी पाहिलं नव्हतं. बहिणीनं फोनवर तिचा फोटो काढून कितीदा पुढे केला होता, काकू मान फिरवायची. चेहरा दिसला की मी तिच्याशी बोलायला लागेन, तिच्यासारखं बोलणार नाही, असं तिचं म्हणणं. पण ती बाई वाक्याच्या मध्ये कुठं थांबते, हसण्याआधी नाक कसं ओढते, खोटं बोलताना आवाज कसा गोड करते, हे तिच्या नवऱ्याला ठाऊक नसेल तेवढं काकूला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती बाई डाव्या कानात राहत होती, भाडं न देता.

"पहिल्या भागातला विहिरीचा प्रसंग काढ," काकूनं ध्वनिमुद्रकाला सांगितलं.

दिग्दर्शकानं घड्याळाकडे पाहिलं. ध्वनिमुद्रकानं जुनं काम शोधून काढलं आणि दोन्ही श्वास लागोपाठ वाजवले. मग एकावर एक ठेवून वाजवले. दोन्ही मिळून एकच ऐकू आला.

"तोच आहे," ध्वनिमुद्रक म्हणाला. आता त्यालाही राहवेना. न सांगता त्यानं पुढचा उसासा काढला. काकू ऐकून म्हणाली, दुसरा भाग, घोरणारा राजवाडा. त्यानं लावून पाहिलं. बरोबर. त्याच्या पुढची हुंकाराची लकेर, पहिला भाग, झाडू मोडतो तिथली. तीही बरोबर. दोघं जण जत्रेत हरवलेली पोरं सापडावीत तसे एकेक श्वास ओळखत गेले. या चौथ्या भागात त्या बाईचा एकही श्वास नवा नव्हता.

"वाचवले असतील पैसे," दिग्दर्शक म्हणाला.

"साळिंदराच्या एकेका काट्यावर उजेड पाडणारे लोक," काकू म्हणाली, "ते श्वासाला काटकसर करतील?"

मग काकूच म्हणाली, "तिसरा लाव. जिन्याचा प्रसंग."

जिन्याचा प्रसंग सगळ्यांना पाठ होता. चेटकीण मनोऱ्यावर चढते, धापा टाकते, वर पोचल्यावर कळतं की मनोरा चुकला. ती धाप हुबेहूब उचलली म्हणून दिग्दर्शकानं तेव्हा काकूची पाठ थोपटली होती आणि अजून वाढवा म्हणाला होता. काकूनं वाढवली होती. थेटरं हसून फुटली होती. पोरं शाळेच्या जिन्यावर तशी धापत चढायची. बहीण तर अजून पिशव्या घेऊन वर येताना, काकूला चिडवायला, अगदी तश्शीच धापायची.

आता ती धाप काचेच्या दोन्ही बाजूंना वाजली. नुसती, चित्राशिवाय. श्वास आत जात होता आणि कशाला तरी अडून अर्धाच परत येत होता. बाई त्यातून वाक्य ढकलत होती. विनोदाची जागा मात्र एकदाही चुकली नव्हती.

ध्वनिमुद्रकानं बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. दिग्दर्शकानं फोनवर काहीतरी शोधलं, वाचलं आणि फोन टेबलावर पालथा घातला.

"तिसरा भाग लागायच्या आधीच गेली ती," तो म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं, काकू."

"मला माहीत असायला हवं होतं. माझ्या कानात होती."

मग दिग्दर्शक हळू आवाजात बोलायला लागला. वाईट झालं, पण आपण काय करणार. तिच्या लोकांनी तिच्यासाठी चेटकीण मुकी ठेवली, ते त्यांचं. इथं पोरं हसायला येतात, त्यांना काय कळणार. आणि शेवटचं वाक्य नसेल तर बाकीचं एकही राहणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं काही चूक नव्हतं. त्यानं वाक्यं काकूसाठीच लिहिली होती, आणि चांगली लिहिली होती.

"लाव शेवट," काकू म्हणाली.

लाल दिवा लागला. पडद्यावर बरणी सापडते. साळिंदर, राजकन्या, सगळे गोळा होतात, कान पुढे करतात. चेटकीण बरणी घेऊन खिडकीशी जाते. पाठ आपल्याकडे. झाकण फिरवते. समोरच्या कागदावर वाक्य होतं, ठळक अक्षरात: इतक्या दिवसांनी उघडलं, आंबलं तर नाही ना.

काकूनं तोंड उघडलं. डाव्या कानात श्वास आला. हा तिनं ताबडतोब ओळखला. पहिल्या भागातला, अगदी पहिल्या प्रसंगातला, चेटकीण घराचं दार उघडून जगाला शिव्या घालायला बाहेर येते तिथला. भरलेला, तरणा, कुठंही न अडलेला श्वास. त्यानंतर मूळ सिनेमात काहीच नव्हतं. खिडकीबाहेर नुसतं रान हलत होतं आणि साळिंदर काहीतरी ऐकू आल्यासारखं हसत होतं.

काकूनं स्वतःचा श्वास धरून ठेवला. माइक चुगलखोर असतो.

दिवा विझला.

"काकू, वाक्य?"

"झालं माझं."

पुन्हा घेऊ या का, असं दिग्दर्शकानं एकदा विचारलं, मग विचारलं नाही. बाहेर येऊन काकूनं ओढणी घेतली, वाटीतलं घड्याळ मनगटावर चढवलं. ध्वनिमुद्रक दारापर्यंत आला. "तिचा श्वास होता तिथंच ठेवतो," एवढंच म्हणाला.

घरी जिना चढताना वरच्या कठड्यावर बहीण दिसली, गळ्यात मोजपट्टी. काकूची पावलं ऐकूनच बाहेर आली होती. पहिल्यांदा तिनं तोंड बघितलं, काय झालं असेल ते ओळखलं आणि हसवायचा जो एकच उपाय तिला माहीत होता तो केला. कठडा धरून, डोळे वटारून ती धापायला लागली. श्वास आत, मध्येच अडलेला, अर्धाच बाहेर.

काकू मधल्या पायरीवर थांबली.

"बरं, नाही करत," बहीण म्हणाली. "चिडू नकोस."

"चिडले नाही." काकूनं कठड्यावर हात ठेवला आणि मान वळवून डावा कान वर केला. "परत कर ना. हळू कर."