तीन खणांचं माप

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. टेप म्हटल्यावर तुम्हाला गाणी आठवली असतील, तर जरा थांबा. मी गाणारा टेप नाही, मापणारा आहे. शंभर फुटांची कापडी फीत, तिच्यात तांब्याच्या बारीक तारा, वरून रोगण, टोकाला पितळी कडी आणि हे सगळं पोटात घेऊन बसणारी चामड्याची गोल डबी, असा माझा अवतार आहे. डबीच्या अंगाला एक घडीची दांडी आहे. ती फिरवली की मी आत जातो. माझे फुटांचे आकडे लाल आणि इंचांचे काळे होते. आता बरेचसे पुसट झालेत, पण या वयात तेवढं चालायचंच.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला विणलं, रोगणात बुडवलं, वाळवलं आणि आकडे छापून झाल्यावर एका पोलादी पट्टीशेजारी ताणून माझी परीक्षा घेतली. मी सूतभरही चुकलो नाही. त्याची घमेंड मला पुढे कितीतरी वर्षं होती. पुण्याच्या रविवार पेठेतल्या दुकानातून मला भोरच्या मन्सूरभाई गवंड्यांनी घेतलं. त्यांच्यासोबत मी किकवीपासून वरव्यापर्यंत हिंडलो, घरं मापली, गोठे मापले, विहिरींची तोंडं मापली. मन्सूरभाई काम झालं की मला धोतराच्या फडक्यानं पुसत आणि मगच गुंडाळत. माझ्यावर कुणाचा पाय पडला तर त्यांचा पारा चढे. अशी माया फार थोड्या अवजारांच्या नशिबी येते.

पुढे मन्सूरभाईंचा गुडघा दुखू लागला. त्याच सुमाराला त्यांची मुलगी गुलनाज सिव्हिलचा डिप्लोमा झाली आणि तिला पुण्यातल्या एका संस्थेत नोकरी लागली. पहिल्या दिवशी घरातून निघताना मन्सूरभाईंनी मला तिच्या पिशवीत ठेवलं. तेव्हा १९९७ साल होतं.

गुलनाजची संस्था स्वतः घरं बांधत नसे. मग काय करत असे? ऐका. गावोगावी काही भली माणसं एकत्र येऊन छोट्या संस्था काढतात. गरिबाला परवडेल असं पक्कं घर मिळावं, ही त्यांची तळमळ असते. पण नकाशा कसा काढायचा, पाया किती खोल न्यायचा, भिंतीला तडा का जातो, हे त्यांना सांगणारं कुणी नसतं. ते सांगायला आणि शिकवायला जाणं हे गुलनाजचं काम होतं. मी तिच्यासोबत असे.

अशीच एक संस्था भोंगवलीत होती. संस्था म्हणजे सरूबाई, त्यांचा भाचा संघपाल आणि कागदांची एक पत्र्याची पेटी. वस्तीतल्या अकरा कुटुंबांची घरं कुडाची होती. सरूबाईंनी दारोदार जाऊन त्यांची नावं यादीत घातली होती आणि स्वतःचं नाव संघपालकडून सगळ्यात शेवटी, अकरावं लिहवून घेतलं होतं. आदल्या वर्षी त्यांनी अंदाजपंचे एक घर बांधून पाहिलं. ते कुंडलिकचं. वर्ष सरायच्या आत त्याच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आणि बिचारा बायकापोरांना घेऊन पुन्हा कुडात राहायला गेला. लोकांनी सरूबाईंना तोंडावर सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर आमची नावं काढा. नावं गेली असती तर संस्थाच बंद पडली असती. त्या धास्तीनं सरूबाईंना अन्न गोड लागत नव्हतं, हे मी त्यांच्या तोंडूनच ऐकलं आहे.

वस्तीतल्या बुद्धविहारात बैठक झाली. गुलनाजनं विचारलं, घर केवढं हवं? सगळ्यांत वडीलधारे कोंडिबा म्हणाले, “तीन खणाचं. त्याच्यापरीस कमी नगं.” गुलनाजनं वहीत लिहिलं, तीन खण.

मित्रांनो, घोटाळा इथेच झाला. गुलनाज भोर शहरात वाढलेली. तिला खण माहीत होता तो टेबलाचा आणि कपाटाचा. तीन खण म्हणजे तीन खोल्या, असं तिनं धरलं. मी मन्सूरभाईंच्या हातात शेकडो खण मापले होते. घराच्या एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंतची जागा म्हणजे खण, साधारण पाच फुटांचा. तीन खणांचं घर म्हणजे पंधरा फूट लांबीची एकसलग, मोकळी जागा. हे सगळं मला ठाऊक होतं. पण टेपला तोंड नसतं, नुसती जीभ असते. मी पिशवीत गप्प पडून राहिलो. नकाशा अब्बांना दाखवावा, असं गुलनाजच्या मनात आलं होतं. पण अब्बा पडले गवंडी आणि ती डिप्लोमावाली, म्हणून तिनं तो दाखवला नाही. नवी नोकरी असली की माणसाला थोडा ताठा असतोच, मलाही होता.

महिनाभरानं आखणीचा दिवस उजाडला. तीन, चार आणि पाच फुटांच्या हिशेबानं गुलनाजनं माझ्याकडून काटकोन साधला. संघपालनं पांढरी फक्की टाकली. जमिनीवर कोंडिबांच्या घराच्या तीन खोल्या उमटल्या, प्रत्येक सहा फूट रुंद, नऊ फूट लांब. मी चोख मापलं होतं. वस्ती बघत उभी होती, पण कुणी अवाक्षर काढलं नाही. शिकलेली पोर आपल्यासाठी उन्हात राबते, तिला नावं कशी ठेवायची, अशी सगळ्यांना भीड पडली होती. दुसऱ्या दिवशी खोदकाम सुरू व्हायचं होतं.

शेवटी कोंडिबा पुढे झाले. फक्कीच्या रेषा न मोडता, जणू दारातून, ते एका खोलीत गेले. एका कोपऱ्यात तीन दगड मांडून म्हणाले, “ही चूल.” दुसऱ्या कोपऱ्यात धान्याच्या जागी मोठं डालगं पालथं घातलं. “ही कनगी.” मग डोक्यावरचं मुंडासं उशाला घेऊन ते चूल-कनगी सोडून उरलेल्या जागेत, खोलीच्या रुंदीत सरळ आडवे झाले. त्यांचे पाय गुडघ्यापासून रेषेबाहेर गेले.

“म्याडम, आमी घरात हाय, पाय तेवढं बाहीर ऱ्हायलं बगा,” ते पडल्या पडल्या म्हणाले.

वस्ती खो खो हसली. गुलनाजही आधी हसली आणि मग तिचा चेहरा उतरला. “आजोबा, तुम्हीच तीन खण म्हणाला होतात ना?”

“व्हय, तीन खण म्हनलो. तुमी तीन खुराडी केली.”

सरूबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या गुलनाजजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “आता गं बाय? लोक आता नावं काढत्याल.”

नकाशा मंजूर झालाय, आता काही बदलता येणार नाही, असं सांगून गुलनाजला सुटता आलं असतं. पण पोरगी सगळ्यांसमोर उभी राहिली. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. “खण म्हणजे खोली असं मी समजले. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. उद्या खोदायचं नाही. मला आठ दिवस द्या.”

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ उंची मापली. त्या दिवशी तिची उंची मापायला माझे शंभर फूट पुरले नसते.

दोन दिवसांनी ती एसटीनं परत आली ती मन्सूरभाईंना घेऊन. ते लंगडत कोंडिबांच्या कुडाच्या घरात शिरले, माझी कडी कोंडिबांच्या हातात दिली आणि मला एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत ताणलं. पाच फूट आणि वर दोन बोटं भरली. गुलनाजनं ते वहीत लिहिलं. मन्सूरभाई कोंडिबांना म्हणाले, “माझी पोर समदी इंजिनेरी शिकली बगा. टेबलाचा खण तेवढा आड आला.” पोरीला चिडवताना त्यांच्या डोळ्यांत मात्र कौतुक होतं.

मग पाळी गुलनाजची आली. पाया दोन फूट खोल पुरे, असं दोघे म्हातारे एका सुरात सांगू लागले. ती त्यांना कुंडलिकच्या भेगाळलेल्या भिंतीपाशी घेऊन गेली आणि तिथं खड्डा घ्यायला लावला. खाली काळी माती होती. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, मग वरची भिंत कशी टिकणार? खोदता खोदता खाली घट्ट मुरूम लागला तेव्हा मला खड्ड्यात सोडलं. साडेचार फूट भरले.

“आमच्या बापजाद्यांनी एवढं खोल फकस्त हिरीसाठी खनलं,” कोंडिबा कुरकुरले.

“आजोबा, तुमचे खण मी मानले. माझा मुरूम तुम्ही माना,” गुलनाज म्हणाली. कोंडिबांनी मन्सूरभाईंकडे पाहिलं. मन्सूरभाईंनी मान डोलावली.

गुलनाजनं नवा नकाशा काढला आणि खेटे घालून तो मंजूर करून आणला. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, आत भिंत नाही. ज्याला हवा त्यानं मागाहून आडोसा करावा. आतल्या भिंतींच्या विटा वाचल्या, त्यांतून प्रत्येक घरापुढे ओटा झाला. यादीतलं एकही नाव गेलं नाही. कुंडलिकचं घरही पाया धरून नव्यानं उभं राहिलं. सरूबाईंचं घर शेवटी झालं. त्या दिवशी त्यांनी माझी कडी स्वतः धरली. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझे लाल आकडे बोट लावून एकेक मोजले. पंधरा झाल्यावर त्यांनी भिंतीला कपाळ टेकलं. माझ्या जन्माचं सार्थक झालं.

पुढे गुलनाज दुसऱ्या तालुक्यांत जाऊ लागली. जाण्यापूर्वी तिनं सरूबाईंच्या सुनेला, संजीवनीला, आखणी शिकवली आणि मला तिच्या हाती दिलं. काही वर्षं बरी गेली. मग संघपालनं आपोआप आत पळणारा पोलादी टेप आणला आणि माझी रवानगी पत्र्याच्या पेटीत झाली. एका जयंतीला सुतळी संपली, तेव्हा पोरांनी माझ्यावर पताका बांधल्या. वाऱ्यानं माझी शेवटाकडची कड हातभर फाटली. राग आला, पण दिवस आनंदाचा होता, म्हणून मी तो गिळला. मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जुनं अवजार असेल तर त्याला पुसून, कोरडं करून ठेवा. ते म्हातारं झालं तरी खोटं बोलायला शिकत नाही.

२००८ साली वेल्ह्याकडच्या एका नव्या संस्थेनं सरूबाईंकडे निरोप धाडला, आम्हालाही घरं बांधायचीत, कुणी दाखवून द्यायला या. पोलादी टेप सोळा फुटांतच संपायचा, म्हणून संजीवनीनं मला पेटीतून काढलं. ज्यांना कालपर्यंत शिकवायला माणूस यायचा, तेच आता शिकवायला निघाले होते. एसटीच्या खिडकीशी तिच्या मांडीवर बसून जाताना मी मन्सूरभाईंचे, गुलनाजचे, पाय बाहेर काढून झोपलेल्या कोंडिबांचेही मनोमन आभार मानले.

वेल्ह्याच्या त्या वस्तीत फुलाबाई नावाच्या आजी अंगणात बसल्या होत्या. संजीवनीनं मला डबीतून बाहेर काढलंच नाही. ती आधी आजींच्या शेजारी टेकली आणि तिनं विचारलं, “आजी, तुमच्याकडं खण केवढा धरत्यात?”

“चार फुटांचा. हितं पाऊस लई, छपराला भार लई, म्हून तुळया जवळ जवळ,” आजी म्हणाल्या. मग त्यांनी संजीवनीकडे नीट निरखून पाहिलं. “घरं मापाया आजवर लई जन आलं गं. इचारलं मातूर तूच पयल्यांदा.”

संजीवनीनं वहीत लिहिलं, चार फूट. मग तिनं माझी कडी आजींच्या हातात दिली.