तारासचा स्वार

सोमवारी चहाच्या वेळी भालचंद्र कर्णिक आपल्या संग्रहातल्या चांदीच्या नाण्यात गेले आणि डॉल्फिनवर बसले. नाणं तारास या प्राचीन ग्रीक बंदराचं होतं. त्यावर आधी बसलेला पोरगा कुठे गेला, हे शालिनीबाईंनी विचारलं नाही. नवऱ्याला पोहता येत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. नाणं रुमालात गुंडाळून त्या नाणेसंग्राहक मंडळात दिघ्यांकडे गेल्या. वाटेत रुमाल भिजला.

दिघ्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

"यांना बाहेर काढता येईल का, भाऊजी?"

"आधी खरं-खोटं बघू, वहिनी." मग ते हसले. "अहो, याला चष्मा आहे!"

त्यांनी खणातून छिन्नी काढली. खोट्या नाण्यावर आडवा घाव घालायचा, म्हणजे ते पुन्हा कुणाला फसवत नाही, असा मंडळाचा नियम होता. छिन्नीची धार कर्णिकांच्या मानेवर बरोबर बसत होती.

"अहो, चष्मा काढा!" शालिनीबाई नाण्यावर वाकून ओरडल्या.

कर्णिकांनी काढला. तो बुडाला.

"स्वार उघडा असतो," दिघे म्हणाले.

सदरा गेला. पाठोपाठ लेंगा गेला.

"आणि हे पोट? बुडत्या पोराला वाचवायला समुद्रदेवाने डॉल्फिन पाठवला होता, वहिनी. वरातीतल्या पाहुण्याला नाही!"

भोवतीची मंडळी खो खो हसली.

"पोट आत घ्या हो," शालिनीबाई म्हणाल्या. पोट गेलं. त्या सांगत गेल्या तसं टक्कल गेलं, गालाच्या सुरकुत्या गेल्या. शेवटी मुतखड्याच्या ऑपरेशनचा व्रण गेला. त्या व्रणाला त्यांनी तीन महिने मलम लावलं होतं. आता डॉल्फिनवर वीस वर्षांचा गुळगुळीत मुलगा बसला होता, हात पुढे करून.

"सुरेख," दिघे म्हणाले. पण छिन्नी त्यांनी ठेवली नाही. "एकच राहिलं. हा तुमच्याकडे बघतोय. अस्सल स्वार समुद्राकडे बघतो."

त्यांनी हातोडी उचलली.

"अहो," शालिनीबाई हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका."

निदान दोनदा सांगावं लागेल, असं त्यांना वाटलं होतं. स्वाराने लगेच मान वळवली. त्यांच्या बाजूला त्याचा एकच डोळा उरला. डॉल्फिनने शेपटी मारली आणि तो नाण्याच्या कडेकडे निघाला. कडेच्या पुढे समुद्र नव्हता, टेबल होतं.